झाकण उघडणाऱ्या बाया



गटाच्या खोलीतला कॉम्प्युटर बंद पडला की आपण काय करतो? बटण दोनदा दाबतो, एकमेकींकडे बघतो, आणि मग कुणीतरी म्हणते, "हात लावू नका गं, आणखी बिघडेल." मग त्यावर भरतकामाचं कव्हर टाकायचं आणि तालुक्याहून माणूस यायची वाट बघायची. तो येणार चार दिवसांनी. तोवर बँकेला द्यायची यादी राहते, हप्त्यांचे हिशेब राहतात. आमच्याकडे मागच्या पावसाळ्यात असंच झालं. माणूस आला, पेटीच्या मागची सैल झालेली एक वायर आत दाबली, कॉम्प्युटर सुरू झाला, आणि तो साडेतीनशे रुपये घेऊन गेला. पैसे गेले ते गेले. पण जाताना म्हणाला, "ताई, हे बायकांचं काम नाही."

ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. मग मी वाचायला लागले की हे काम पहिल्यापासून कुणी केलं. जे सापडलं ते आज तुम्हाला सांगते.

मुळात 'कॉम्प्युटर' हे यंत्राचं नावच नव्हतं. इंग्रजीत आकडेमोड करणाऱ्या माणसाला कॉम्प्युटर म्हणायचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मूर स्कूलमध्ये, गणित शिकलेल्या मुली या कामावर होत्या. तोफ किती तिरकी धरली तर गोळा कुठे जाऊन पडेल, याची कोष्टकं सैन्याला हवी असायची. गोळ्याच्या एका वाटेचा हिशेब हाताने करायला तीस-चाळीस तास लागायचे. तो हिशेब झटपट व्हावा म्हणून त्याच ठिकाणी एक अवाढव्य यंत्र बांधलं गेलं. त्याचं नाव एनिअॅक. जॉन मॉकली आणि प्रेस्पर एकर्ट हे त्याचे जनक.

यंत्र केवढं होतं म्हणाल, तर वजन ३० टन. आत सुमारे १८ हजार काचेच्या नळ्या. तुमच्यातल्या थोरल्या बायांना जुना व्हॉल्व्हचा रेडिओ आठवत असेल. लावला की लगेच बोलायचा नाही, आधी आतल्या काचा तांबूस व्हायच्या, तापायच्या, मग आवाज यायचा. त्याच जातीच्या नळ्या या. एका रेडिओत पाच-सहा असायच्या, इथे १८ हजार. त्यातली एक जरी गेली तरी उत्तर चुकायचं.

हे यंत्र चालवायला त्या आकडेमोड करणाऱ्या मुलींतून सहा जणी निवडल्या. कॅथलीन मॅकनल्टी, बेटी जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास आणि रूथ लिख्टरमन. नावं मुद्दाम सगळी घेतली, कारण बराच काळ ती कुणी घेतलीच नाहीत. यातली जेनिंग्ज मिझुरी राज्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. मॅकनल्टीचा जन्म आयर्लंडच्या डोनेगल भागातला. लहानपणी अमेरिकेत आली तेव्हा तिला फक्त आयरिश भाषा यायची, इंग्रजीचा गंध नव्हता.

यंत्र गुप्त होतं, म्हणून सुरुवातीला या सहा जणींना त्याच्या खोलीत जायची परवानगीच नव्हती. हातात पुस्तक नाही, शिकवणारा कुणी नाही. नुसते नकाशे दिले, कुठला भाग कुठल्याला जोडलाय त्याचे, आणि सांगितलं की यावरून हे कसं चालवायचं ते तुम्हीच शोधा. त्या नकाशे घेऊन बसल्या, अडलं की इंजिनिअरांना गाठून विचारायचं. आजच्यासारखं टाइप करून त्या यंत्राला काही सांगता येत नव्हतं. जाडजूड वायरी या कपाटातून त्या कपाटात खोचायच्या, शेकडो बटणं हव्या त्या आकड्यावर फिरवायची. हिशेब बदलला की सगळी जोडणी पुन्हा नव्याने.

आता माझ्या मुद्द्याचं. यंत्राने चूक उत्तर दिलं, तर चूक शोधायची कशी? १८ हजारांतली नेमकी कुठली नळी गेली? या बायांनी आधी तोच हिशेब हाताने करून ठेवलेला असायचा. मग यंत्र सावकाश, एकेक पायरी चालवायचं. तशी सोय त्याच्यात होती. प्रत्येक कपाटावर बारीक दिवे होते, त्यांवरून आत कुठला आकडा बसलाय ते दिसायचं. दिव्यातला आकडा कागदाशी ताडून बघायचा. इथपर्यंत बरोबर, इथून पुढे चूक, म्हणजे दोष याच कपाटात. मग कपाटातला भाग, मग त्या भागातली नळी. जेनिंग्जने पुढे सांगून ठेवलंय की त्यांना बिघाड थेट एकेका नळीपर्यंत शोधता यायचा.

आपण कापडाचा उसवलेला टाका शोधतो तेव्हा दुसरं काय करतो? एका टोकाकडून ओढत येतो, जिथे सुटतं तिथे थांबतो.

एक गोष्ट अशीच कळली की बहुतेक नळ्या यंत्र बंद-चालू करतानाच जायच्या. तापताना आणि गार होताना. म्हणून मग ते यंत्र शक्यतो बंदच करायचं नाही असं ठरलं.

फेब्रुवारी १९४६ मध्ये हे यंत्र जगाला दाखवायचं ठरलं. बड्या पाहुण्यांसमोर गोळ्याच्या वाटेचा हिशेब करून दाखवायचा होता. जेनिंग्ज आणि स्नायडर या दोघींनी तो यंत्रावर बसवला. आदल्या संध्याकाळपर्यंत सगळं ठीक, फक्त एक अडचण: गोळा जमिनीवर पडल्यावरही यंत्र थांबेना. हिशेबात गोळा जमिनीत घुसून पुढे चाललेला! दोघी रात्री उशिरापर्यंत शोधत बसल्या, सापडलं नाही. स्नायडर घरी जाऊन झोपली. सकाळी आली ती सरळ एका बटणापाशी गेली आणि ते फिरवलं. दोष तिथेच होता. गोळ्याला खरोखर हवेत जेवढा वेळ लागला असता त्याच्या आत यंत्राने त्याचा हिशेब करून दाखवला. टाळ्या झाल्या. रात्री मेजवानी झाली. त्या मेजवानीला या सहा जणींना बोलावलं नव्हतं.

पुढे १९८० च्या दशकात कॅथी क्लायमन नावाच्या विद्यार्थिनीने या यंत्राचे जुने फोटो पाहिले. त्यात बायका दिसत होत्या. या कोण म्हणून तिने चौकशी केली, तर उत्तर मिळालं की या फ्रिजवाल्या बायका. म्हणजे जाहिरातीत फ्रिज छान दिसावा म्हणून शेजारी बाई उभी करतात ना, तशा. तिचा विश्वास बसला नाही. तिने त्या बायांना शोधून काढलं, त्यांच्या तोंडून सगळं ऐकलं, आणि मग जगाला कळलं. मला राग येतो तो याचा. यंत्राच्या पोटात हात घालणारी बाई फोटोत असूनही शोभेची ठरली.

आणि तुमच्या कीबोर्डच्या उजव्या हाताला आकड्यांचा वेगळा चौकोन असतो बघा, ज्याच्यावर आपण हप्त्यांचे आकडे भराभर मारतो? तो तिथे बसवण्याचं श्रेय याच बेटी स्नायडरला देतात. युनिव्हॅक या पुढच्या यंत्रावर काम करताना तिने ते केलं.

काचेच्या नळ्या पुढे गेल्या. पण यंत्राने आकडे लक्षात कसे ठेवायचे, हा प्रश्न होता. १९५० च्या दशकात त्याला एक उपाय निघाला, तो ऐकला की तुम्ही हसाल. काळे मणी ओवायचे! फेराइटच्या बारीक बारीक कड्या, बाजरीच्या दाण्याएवढ्या, आणि त्यांतून केसासारख्या तारा. ओवायला मंगळसूत्राहून किती तरी किचकट. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने टिफरॅक नावाचा कॉम्प्युटर बांधला, तो १९६० साली कामाला लागला. त्याची मेमरीसुद्धा अशाच कड्यांची होती.

चंद्रावर माणूस गेला १९६९ साली. त्या यानातला कॉम्प्युटर चालायचा तो मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वॉल्थम गावच्या कारखान्यात बायांनी विणलेल्या मेमरीवर. तार कडीतून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. यंत्र नेमकी कडी पुढे आणून द्यायचं आणि बाई सुईने तार पार करायची. कामाला आठवडेच्या आठवडे. एकदा विणून झालं की उसवणं महाकठीण, म्हणून टाका चुकला का हे पुन्हा पुन्हा तपासायचे. इंजिनिअर लोक त्या मेमरीला गमतीने म्हाताऱ्या बायांची मेमरी म्हणत. गंमत ठीक आहे, पण चंद्रापर्यंत ती धडपणे गेली.

त्या मण्यांचा एक मोठा गुण होता. वीज गेली तरी त्यांच्यातलं पुसलं जायचं नाही. आपल्या आताच्या कॉम्प्युटरमधली रॅम तशी नाही. वीज गेली की ती सगळं विसरते. म्हणून म्हणते, यादी लिहिताना दर पाच मिनिटांनी सेव्ह करा.

आता पेटीच्या मागे बघू. आपण त्या अख्ख्या पेटीला सीपीयू म्हणतो. खरा सीपीयू म्हणजे आत पंख्याखाली दडलेली काडेपेटीएवढी चिप. पेटी नुसती घर आहे. तिच्या मागे पूर्वी भोकांची जत्रा असायची: कीबोर्डचं जांभळं, माऊसचं हिरवं, पडद्याचं निळं आणि पंधरा टाचण्यांचं, प्रिंटरचं लांबलचक. उलटं घुसवलं की टाचणी वाकली. हा ताप कमी केला यूएसबीने, १९९६ साली. ज्या मंडळींनी ती घडवली त्यांत बडोद्याच्या विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट होते. घरी बायकोला प्रिंटर जोडताना किती त्रास होतो, हे बघून आपण या मागे लागलो असं ते सांगतात. मग ती पिन उलटी-सुलटी कशीही बसेल अशी का नाही केली? तर तारा दुप्पट लागल्या असत्या आणि किंमत वाढली असती. म्हणून आपण तीनदा फिरवतो. मोबाइलची नवी गोल टोकांची पिन कशीही बसते, तो सुधार बऱ्याच वर्षांनी आला.

तर कॉम्प्युटर सुरू होत नसेल तेव्हा त्या सहा जणींसारखं चाला. टोकाकडून, आणि एका वेळी एकच गोष्ट. भिंतीच्या सॉकेटमध्ये वीज आहे का, तिथे मोबाइलचा चार्जर लावून बघा. मग यूपीएस. मग पेटीच्या मागची जाड वायर आणि तिच्याजवळचं छोटं बटण. पेटीचा पंखा फिरतोय पण पडदा काळा, तर पडद्याची वायर काढून पुन्हा बसवा, पडद्याचा दिवा बघा. दोन-तीन गोष्टी एकदम बदलू नका, नाहीतर कशाने बरं झालं ते कळणारच नाही.

पंखा फिरतो, पेटी पुन्हा पुन्हा 'बीप' करते आणि पडदा काळाच, तेव्हा बरेचदा रॅम सैल झालेली असते. वायर सॉकेटमधून काढा, मगच झाकण उघडा. पेटीच्या धातूला एकदा हात लावा. रॅमच्या दोन्ही टोकांच्या खिट्ट्या उघडा, पट्टी सरळ वर काढा, तिची सोनेरी कड पोरांच्या स्वच्छ खोडरबराने हलकेच पुसा, भुगा झटका. पट्टीची खाच आणि खाचेतला उंचवटा जुळवून दाबा, दोन्हीकडे टक् वाजलं पाहिजे. दोन वस्तू मात्र कधीच उघडायच्या नाहीत: जिथे विजेची जाड वायर जाते तो आतला पत्र्याचा डबा, आणि जुना फुगीर पडदा. वायर काढल्यावरही त्यांच्यात वीज साठून राहते. तिथे जाणकारच हवा.

शेवटी एक वही ठेवा. ९ सप्टेंबर १९४७ ला हार्वर्ड विद्यापीठातलं मार्क टू हे यंत्र अडलं. शोधता शोधता सत्तर नंबरच्या रिलेत एक पतंग अडकून मेलेला सापडला. तिथल्या लोकांनी तो पतंग चिकटपट्टीने नोंदवहीतच चिकटवला आणि खाली वेळेसकट लिहून ठेवलं. बिघाडाला 'बग', म्हणजे किडा, म्हणायची रीत आधीचीच होती, इथे खराच किडा निघाला. त्या यंत्रावर काम करणाऱ्या ग्रेस हॉपर ही गोष्ट पुढे जन्मभर सांगत. ती वही वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे.

आमच्या गटाची वही कपाटात असते. तारीख, काय झालं, काय केलं, कुणी केलं. पहिली नोंद आमच्या सचिवबाईंच्या हातची आहे: "माऊस चालेना. वायर उंदराने कुरतडली. नवा आणला."