समभुज चौकोन व पतंग

समभुज चौकोन व पतंग : चारही बाजू समान असलेला चौकोन तो समभुज चौकोन. त्याचे कर्ण परस्परांना काटकोनात दुभागतात. लगतच्या समान बाजूंच्या दोन जोड्या असल्या की पतंग होतो. त्यात निदान एक कर्ण दुसऱ्याचा लंबदुभाजक असतो. दोहोंचे क्षेत्रफळ कर्णांच्या गुणाकाराच्या निम्मे.

बाजू ठाऊक असल्या तरी क्षेत्रफळ ठरत नाही, कारण त्रिकोणाप्रमाणे चौकोन ताठ नसतो. सांध्यांत तो कलतो. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (११५०) हे २५ बाजूच्या समभुज चौकोनावरून दाखवले आहे. कर्ण ३० व ४० घेतल्यास क्षेत्रफळ ६००, १४ व ४८ घेतल्यास ३३६, आणि चौरस केल्यास ६२५. कर्ण किंवा लंब न सांगता क्षेत्रफळ विचारणाऱ्याला ते पिशाच म्हणतात, उत्तर देणाऱ्याला त्याहूनही वाईट! गणिताच्या ग्रंथात असा फटकारा विरळाच, पण तो रास्त आहे.

युक्लिडने समभुज चौकोनाच्या व्याख्येतून चौरस वगळला होता. आज रूढ असलेल्या व्याख्येनुसार प्रत्येक चौरस हा समभुज चौकोनच असतो.