सत्तावीस वर्षांचें ग्रहण

माघ महिन्यांत, रात्रीं आठच्या सुमारास, उत्तरेकडे तोंड करून माथ्याच्या थोडें खालीं पाहिलें म्हणजे एक ठळक पिवळसर तारा दिसतो. हा सारथी पुंजांतील ब्रह्महृदय. आपल्या ज्योतिष्यांना तो फार जुना ओळखीचा आहे. सूर्यसिद्धांतांत अगस्त्य आणि मृगव्याध यांच्या जोडीला त्याचेंहि स्थान अंशांत दिलें आहे. त्याच्या लगतच तीन मंद ताऱ्यांचा एक चिंचोळा त्रिकोण आहे. त्या त्रिकोणाच्या टोकाशीं, ब्रह्महृदयाच्या सर्वांत जवळ जो तारा, त्याचें अरबी नांव अल्माझ, म्हणजे बोकड. युरोपीय ज्योतिषी त्याला एप्सिलॉन ऑरिगी म्हणतात. तारा तिसऱ्या प्रतीचा. शहरांतील दिव्यांत तो चटकन सांपडावयाचाहि नाहीं. पण या क्षुल्लक दिसणाऱ्या ताऱ्यानें दोनशें वर्षें विद्वानांना वेठीस धरलें आहे.

जर्मनींतील क्वेडलिंबुर्ग येथील पाद्री योहान हाइन्रिख फ्रित्श यांना आकाश न्याहाळण्याचा नाद होता. १८२१ सालीं त्यांच्या ध्यानांत आलें कीं, त्रिकोणांतील झीटा आणि ईटा या दोन सोबत्यांच्या मानानें एप्सिलॉन अगदींच फिका पडला आहे. त्यांची ही नोंद छापलीहि गेली. परंतु कोणी ती मनावर घेतली नाहीं. हवेंत धुकें असेल, डोळे थकले असतील, अशा शंकेला जागा होतीच. शिवाय एका धर्मोपदेशकाच्या शब्दाखातर वेधशाळांनीं आपलीं कामें कां सोडावीं?

पुढें वीस-बावीस वर्षांनीं आर्गेलांडर आणि हाइस हे दोन जर्मन ज्योतिषी या ताऱ्याकडे मधूनमधून पाहूं लागले. आर्गेलांडर यांची रीत साधी होती. ताऱ्याची शेजारच्या ताऱ्यांशीं नुसत्या डोळ्यांनीं तुलना करावयाची, कोण किती पायऱ्या वर, कोण किती खालीं, तें टिपून ठेवावयाचें. १८४४ सालीं तर त्यांनीं हौशी लोकांनाहि या कामांत हात लावण्याचें आवाहन केलें. १८४७ मध्यें एप्सिलॉनचें तेज बरेंच उतरलें आणि १८४८ च्या सप्टेंबरपर्यंत तें पूर्ववत् झालें. दोघेहि चकित झाले; पण उलगडा कसा व्हावा? जो तारा चार दिवसांनीं मंदावतो त्याचा नियम एका हिवाळ्यांत बांधतां येतो. हा तारा पुन्हां मंदावला तो १८७५ सालीं. त्याच वर्षीं फेब्रुवारींत आर्गेलांडर निवर्तले, दोन वर्षांनीं हाइसहि गेले.

कोडें सोडवावयास टिपणें जुळविणारा माणूस हवा होता. तो पॉट्सडॅमच्या वेधशाळेंत निघाला. हान्स लुडेन्डॉर्फ हे पहिल्या महायुद्धांतील सेनापति एरिख लुडेन्डॉर्फ यांचे धाकटे बंधु. दोघां भावांत कोणाचें काम अधिक टिकाऊ ठरलें, हें सांगावयास नकोच. १९०१-०२ मध्यें तारा पुन्हां मंद होऊन गेला होता. वर्णपटांतील रेषांच्या सरकण्यावरून हा जोडतारा असावा, असें पॉट्सडॅमचेच फोगेल यांना दिसलें होतें. लुडेन्डॉर्फ यांनीं जुन्या-नव्या नोंदी एकत्र मांडल्या आणि १९०४ सालीं निर्णय दिला: तारा आपण होऊन मंदावत नाहीं, त्याला ग्रहण लागतें, आणि तें दर सत्तावीस वर्षांनीं. हिशेब मागें नेला तेव्हां एक ग्रहण नेमकें १८२१ सालीं पडलें. पाद्रीबोवांचे डोळे थकले नव्हते.

ग्रहण लागणारे तारे तोंवर अपरिचित नव्हते. ययाति पुंजांतील अल्गोलला तें दर दोन दिवस एकवीस तासांनीं लागतें. याच त्रिकोणांतील झीटाला ९७२ दिवसांनीं. परंतु एप्सिलॉनचें ग्रहण जवळजवळ दोन वर्षें टिकतें. सहा महिने तेज उतरत जातें, नंतर वर्षभर तें सुमारें निम्म्यावर स्थिर राहतें, आणि पुन्हां सहा महिने चढतें. पिवळसर तारा स्वतः राक्षसी आहे. त्याचा व्यास सूर्याच्या शंभर पटींहून अधिक. त्याला वर्षभर झांकणारी वस्तु किती प्रचंड असेल! ती ताऱ्याला पूर्ण झांकीत असेल, तर उरलेला प्रकाश झांकणाऱ्याचा असावयास हवा. पण वर्णपट पाहावा तर पिवळ्या ताऱ्याचाच. भिंत आड आली आहे आणि भिंतींतून दिवा अर्धा दिसतो आहे, असा हा प्रकार.

१९२८-३० चें ग्रहण आटोपल्यावर अमेरिकेंतील यर्किस वेधशाळेचे स्ट्रूव्ह, कायपर आणि स्ट्रोमग्रेन यांनीं १९३७ सालीं सुचविलें कीं, हा जोडीदार एक थंड, विरळ, अर्धपारदर्शक महातारा असून त्याचा व्यास सूर्याच्या हजारों पट आहे. विश्वांतील सर्वांत मोठा तारा सांपडला, असा वर्तमानपत्रांनीं गाजावाजा केला. पाठ्यपुस्तकांतहि तो कित्येक वर्षें मिरवला. कल्पना भव्य होती, खरी नव्हती. १९६५ मध्यें सु-शू हुआंग यांनीं ती बाजूला सारली. त्यांच्या मतें जोडीदाराभोंवतीं धुळीची एक तबकडी फिरत असून आपल्याला ती कडेनें दिसते. जेवणाची थाळी आडवी डोळ्यांसमोर धरली तर नुसती पट्टी दिसते, तशी. ती ताऱ्याच्या मध्यावरून सरकते, वरचा आणि खालचा भाग उघडा राहतो. अर्धें तेज कां उरतें आणि तें पिवळ्या ताऱ्याचेंच कां, हें दोन्ही एका दमांत उलगडलें. १९८२-८४ च्या ग्रहणांत अवरक्त किरणांवरून या तबकडीचें तपमान सुमारें ५०० केल्विन आढळलें. ताऱ्याच्या मानानें तें थंडगारच.

तरी तबकडी कोणीं पाहिली नव्हती. २००९ च्या ऑगस्टमध्यें ग्रहण लागलें, तेव्हां कॅलिफोर्नियांतील माउंट विल्सनवर दूरदूर मांडलेल्या दुर्बिणींचा प्रकाश एकत्र मिळवून ताऱ्याचें बिंबच रेखाटण्याची सोय झाली होती. नोव्हेंबर आणि डिसेंबरचीं चित्रें शेजारीं ठेवलीं, तों तेजोगोलावर एक लांबट काळी सावली चढत चाललेली स्पष्ट दिसली. २०१० च्या एप्रिलमध्यें तीं प्रसिद्ध झालीं. मोठ्या दुर्बिणींच्या नाजुक उपकरणांना हा तारा फारच प्रखर पडतो. म्हणून २०११ पर्यंतच्या या ग्रहणांत तेज मोजण्याचें बरेंच काम हौशी निरीक्षकांनीं केलें, आर्गेलांडर यांच्याच रीतीनेंहि.

ताऱ्याचें अंतर अद्याप पक्कें ठरलेलें नाहीं. तें न ठरल्यामुळें पिवळा राक्षस खरोखरीच वजनदार आहे, कीं सर्वस्व उधळून बसलेला हलका म्हातारा तारा आहे, हा वाद चालू आहे. पुढचें ग्रहण २०३६ सालीं लागावयाचें आहे. तुलनेसाठीं फ्रित्श यांचा ईटा तारा त्रिकोणांत जागच्या जागीं आहे.