पोथ्यांचा वंशवृक्ष आणि लाघवाचा शोध

१९२५ साली नाशिक रोडला सरकारी सुरक्षा छापखाना उभा राहिला. तिथल्या कामाची कसोटी अशी, की पहिल्या आणि शेवटच्या तिकिटात तिळाइतकाही फरक दिसता कामा नये. त्याच वर्षी पुण्यात, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात, डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे संपादकपद स्वीकारले. त्यांच्यापुढची अडचण नेमकी उलटी होती. शारदा, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतल्या पोथ्या जमत होत्या आणि एकही प्रत दुसरीशी पूर्णपणे जुळत नव्हती.

या जुळवाजुळवीतून काय ठरणार होते, याचे एकच उदाहरण पुरे. व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहिले, ही कथा आपल्या घराघरांत आहे. १९३३ साली पूर्ण झालेल्या आदिपर्वात ती मूळ संहितेतून परिशिष्टात गेली. परस्परांपासून स्वतंत्र असलेल्या शाखांची तिला साक्ष नव्हती. कथा मुळातली मानली, तर अनेक शाखांनी ती आपापली गाळली असे म्हणावे लागते. ती मागाहून आली असे मानले, तर एकदा शिरली आणि काही पोथ्यांत पसरली, एवढ्यावर भागते.

कमीत कमी बदलांत उलगडा करणाऱ्या या विचाराला आपल्या शास्त्रपरंपरेतला ‘लाघव’ हा शब्द चपखल बसतो. जीवशास्त्रज्ञ प्राण्या-वनस्पतींची वंशझाडे याच तत्त्वावर रचतात. पोथीच्या जागी जीवजात, पाठभेदाच्या जागी शरीराचे वा डीएनएचे लक्षण. झाड समोर असेल, तर त्यावर किमान किती बदल मानावे लागतात हे मोजणे सोपे आहे. वॉल्टर फिच यांनी १९७१ मध्ये त्याची सुटसुटीत रीत दिली.

अवघड आहे ते झाड शोधणे. चार पोथ्यांची नाती तीन प्रकारे जोडता येतात, पाचांची १५, तर दहांची २०,२७,०२५ प्रकारे. आदिपर्वासाठी सुमारे ६० पोथ्या वापरल्या गेल्या. तेवढ्यांच्या झाडांची संख्या दृश्य विश्वातल्या अणूंच्या अंदाजी संख्येहूनही मोठी भरते. काही झाडे न तपासताच बाद करून खात्रीचे उत्तर देणारी पद्धत हेंडी आणि पेनी यांनी १९८२ मध्ये मांडली, पण वीस-पंचवीस पोथ्यांपुढे तीही सहसा थकते. पुढे अटकळीनेच जावे लागते.

अटकळीच्या रीती आपल्या द्राक्षबागायतदाराला ओळखीच्या वाटतील. आधी एकेक पोथी सर्वांत स्वस्त पडेल तिथे जोडत झाड उभे करायचे. ते झटपट होते, पण जोडण्याचा क्रम बदलला की झाडही बदलते. मग सुधारणा. शेजारच्या फांद्यांची अदलाबदल ही सर्वांत जलद, पण तिची नजर आखूड. फांदी छाटून दुसरीकडे कलम करण्याची रीत जास्त दूर पाहते. झाडाचे दोन तुकडे करून ते हव्या त्या फांद्यांशी सांधण्याची रीत सर्वांत लांबचे पाहते आणि सर्वांत जास्त वेळ खाते.

तिन्हींचा दोष एकच. धुक्यात घाट उतरणारा माणूस पहिल्याच खळग्याला दरीचा तळ समजतो, तसे हे शोध अडकतात. म्हणून वेगवेगळ्या क्रमांनी पुन्हापुन्हा सुरुवात करतात. केविन निक्सन यांनी १९९९ मध्ये आणखी एक तोड काढली: काही लक्षणांचे वजन तात्पुरते वाढवायचे, त्या धक्क्याने खळग्याबाहेर पडायचे आणि वजने पूर्ववत करून पुन्हा उतरायचे. मोठ्या झाडांसाठी नुसत्या पुनरावृत्तीपेक्षा ही युक्ती पुष्कळ लवकर फळते. तरीही हाती आलेले झाड सर्वोत्तमच आहे, अशी हमी यांतली एकही रीत देत नाही.

सुकथनकर केंब्रिजला गणित शिकलेले होते. संगणक नसताना त्यांनी लिपी आणि प्रांत यांच्या आधाराने पोथ्यांचे गट पाडले, उत्तर आणि दक्षिण अशा दोन मुख्य शाखा मानल्या आणि वंशवृक्ष मांडला. अगणित झाडांतून वाट काढणारी तीही अटकळच होती, पण जाणकाराची. एक धोका त्यांनी स्पष्ट ओळखला होता: लेखनिक दुसरी पोथी समोर ठेवून पाठ मिसळतो. असा संकर झाला की दोन फांद्या पुन्हा एकत्र येतात आणि झाडाची कल्पनाच अपुरी पडते. पुढे वेंडी फिलिप्स-रॉड्रिग्ज यांनी द्यूतपर्वाच्या पोथ्यांना जीवशास्त्रातली तंत्रे लावली, तेव्हा लेखनिकाने मध्येच आदर्श प्रत बदलली का, हाच प्रश्न त्यांनाही हाताळावा लागला.

म्हणून यंत्राने दिलेल्या झाडाला दोन प्रश्न विचारायला हवेत. शोध किती ठिकाणांहून सुरू केला होता? आणि ही पोथी एकाच आईची लेक आहे का? पहिल्याचे उत्तर संगणक देईल. दुसऱ्यासाठी पोथी उघडून वाचावीच लागेल. १९६६ मध्ये चिकित्सक आवृत्ती पूर्ण झाली, तेव्हा गाळलेला मजकूरही तळटीपांत आणि परिशिष्टांत जपलेला होता. त्यामुळे उद्या कुणाला अधिक लाघवाचे झाड सापडले, तर गणपतीच्या कथेचा निवाडा पुन्हा तपासता येईल.