बाळाचा पहिला महिना



मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त दोन शब्द लिहावेत, असा आग्रह झाला. म्हणून आपल्याच महाराष्ट्रातील एका कार्याचा इतिहास आपणांपुढे ठेवीत आहे.

मुंबईत १८८६ साली कामा इस्पितळ सुरू झाले. तेथे स्त्रियांना तपासायला स्त्री डॉक्टरच असल्यामुळे, पुरुष डॉक्टरकडे जायला संकोचणाऱ्या बायकांची मोठी सोय झाली. पण जेथून इस्पितळ लांब, तेथील बाळंतिणीने काय करावे?

याचे उत्तर गडचिरोलीने दिले. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग हे दांपत्य तेथे १९८६ पासून काम करीत आहे. त्या काळी तेथील बाळंतपणे बहुतेक घरीच होत. १९९३ ते १९९५ या काळात हजार बाळांमागे सुमारे ६२ बाळे पहिल्या महिन्यातच दगावत. जंतूंची बाधा, जन्मताच श्वास न घेणे, कमी दिवसांचे व कमी वजनाचे मूल, ही मुख्य कारणे.

तेव्हा ३९ गावांतील बायकांनाच शिकवून ‘आरोग्यदूत’ केले. त्यांचे शिक्षण पाचवी ते दहावी. मी स्वतः सातवी शिकलेली, म्हणून हे वाचून मला विशेष आनंद झाला. या बायका घरोघर जाऊन बाळाचे वजन करीत, त्याला उबेत ठेवायला शिकवीत, श्वास अडला तर मुखवटा लावून हवा देत आणि जंतुबाधेवर इंजेक्शनही देत. तिसऱ्या वर्षी मृत्यूंचे प्रमाण हजारी २५ च्या आसपास आले. शेजारच्या ४७ गावांत हे काम नव्हते. तेथे प्रमाण उतरले नाही. १९९९ साली ही माहिती ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. २०११ साली सरकारने आशाताईंमार्फत अशा घरभेटी देशभर सुरू केल्या.

आपल्या वटारकरांना वसई-विरारची इस्पितळे जवळ आहेत. बाळंतपण तेथेच व्हावे. परंतु दोन-चार दिवसांनी बाळ घरीच येते, आणि पुढची जबाबदारी आपली असते. चिकाचे दूध टाकू नये. पहिल्या दिवशी न्हाऊ घालू नये. बाळ दूध ओढेनासे झाले, अंग गार किंवा ढिले पडले, श्वास घेताना छाती आत ओढली जाऊ लागली, तर अंगारेधुपारे करीत न बसता तडक इस्पितळ गाठावे.

आपल्या मंडळाने प्रत्येक आळीतील गरोदर भगिनींची नोंद ठेवावी, आशाताईंशी संबंध राखावा आणि रात्री-अपरात्री कोणाची गाडी मिळेल हे आधीच ठरवावे, एवढीच माझी नम्र सूचना आहे.