देवभात

देवभात : संस्कृतातला नीवार. तळ्याकाठी, चरांत, पावसाळी डबक्यांत आपोआप उगवणारे एकहंगामी रानभाताचे गवत. कुसळ चांगले लांब. दाणा पिकला की लोंबीवर टिकत नाही, धक्का लागताच चिखलात गळतो. नांगर न लागलेले, म्हणून ऋषिपंचमीला चालते. ‘शाकुंतला’त पोपटांच्या ढोलीतून झाडाखाली सांडलेले दाणे ते हेच. शास्त्रीय नाव ‘ओरायझा निवारा’, १९६५चे. ग्रासी स्टंट या विषाणूरोगाला दाद न देणारा जनुक उत्तर प्रदेशातल्या याच्या एका नमुन्यात सापडला. तो १९७६च्या ‘आयआर-३६’ या भातात उतरला. याला नुसते ‘तण’ही म्हटले जाते. बेणणी करणाऱ्याच्या दृष्टीने ते बरोबर, पण अपुरे.