गीतासार
‘जे झाले ते चांगले झाले’ अशा आशयाच्या वाक्याने सुरू होणारा, दिनदर्शिकांवर आणि दुकानांतील तसबिरींवर आढळणारा लोकप्रिय मजकूर. तो श्रीकृष्णाचा उपदेश मानला जात असला, तरी भगवद्गीतेच्या १८ अध्यायांत, म्हणजे प्रचलित संहितेच्या ७०० श्लोकांत, हे वाक्य ज्याचे भाषांतर ठरेल असा श्लोक नाही. देहाच्या नश्वरतेचा दुसऱ्या अध्यायातील विचार त्यात पुसटसा उमटतो. मात्र घडले ते सारे चांगलेच, हा निष्कर्ष शोकाकुल अर्जुनाला कर्तव्यास प्रवृत्त करणाऱ्या ग्रंथाशी विसंगत आहे. बायबलचे समजले जाणारे ‘जो स्वतःला मदत करतो त्याला देव मदत करतो’ हे वचनही असेच बायबलबाहेरचे असून ते इसापनीतीच्या परंपरेतले आहे. गीतेतील मूळ वचने पडताळू इच्छिणाऱ्या मराठी वाचकाला विनोबांची ‘गीताई’ (१९३२) हे समश्लोकी भाषांतर सर्वांत सोयीचे आहे.