ओलसर विटांचं गिन्झा

टोकियोत चुओ-दोरी नावाचा एक रस्ता आहे. त्याच्यावरचा निहोनबाशीचा पूल आणि गिन्झाचा तो प्रसिद्ध चौक यांच्यात दोन किलोमीटरचंही अंतर नाही. अडीचशे वर्षांहून जास्त काळ या रस्त्यावरची श्रीमंती पुलाजवळ होती. आज जपानमधली सगळ्यांत महाग जमीन चौकाजवळ आहे. पैसा एवढासा दक्षिणेला सरकला, पण का?

आधी पूल. १६०३ साली तो बांधला गेला आणि देशातले पाच महामार्ग तिथूनच मोजले जाऊ लागले. शेजारी शहराचा मासळीबाजार. १६७३ मध्ये मित्सुई ताकातोशीने जवळच एचिगोया हे कापडाचं दुकान काढलं. तोवर कापडवाले सरदारांच्या घरी माल घेऊन जायचे, गिऱ्हाईक पाहून भाव सांगायचे आणि उधारी वर्षातून एक-दोनदा वसूल करायचे. अर्थात त्या उधारीचं व्याज भावातच धरलेलं असायचं. ताकातोशीने पाटी लावली: रोख पैसे, एकच भाव. हवं तेवढंच कापड कापूनही मिळे. आज हे किरकोळ वाटतं, पण त्यामुळे साधा माणूस पहिल्यांदाच सरदाराच्या भावात रेशीम घेऊ शकला. याच दुकानाचं पुढे मित्सुकोशी झालं.

गिन्झाकडे तेव्हा सांगण्यासारखं फारसं नव्हतं. नावाचा अर्थ चांदीची टांकसाळ, आणि १८०० मध्ये तीही दुसरीकडे हलली. उरली कारागिरांची वस्ती.

एप्रिल १८७२ मध्ये ती वस्ती आगीत जळाली. नव्या मेइजी सरकारला पाश्चात्त्य पाहुण्यांना दाखवण्यासारखी आणि आगीला न घाबरणारी राजधानी हवी होती. थॉमस वॉटर्स या आयरिश अभियंत्याने आराखडा काढला: रुंद रस्ता, पदपथ, झाडं आणि दोन्ही बाजूंना विटांची घरं. १८७७ पर्यंत काम उरकलं. सगळं शहर असं करायचा मनसुबा होता, पण खर्च पाहून तो गुंडाळला गेला.

गंमत अशी की हा प्रकल्प सुरुवातीला चक्क आपटला. जपानच्या दमट हवेत विटांच्या भिंतींना ओल धरायची. घरांच्या किमती मूळ रहिवाशांना परवडेनात. ते निघून गेले आणि कित्येक घरं रिकामी पडली. ज्यांची घरं जळाली त्यांच्यासाठी हे शहर बांधलंच नव्हतं. गिन्झाच्या कौतुकात ही गोष्ट सहसा गाळली जाते.

पण माझ्या मते गिन्झाचं नशीब या रिकामपणातच आहे. जिथे वडिलोपार्जित दुकानं नाहीत तिथे नवख्यांना जागा मिळते. वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या आल्या. किमुरायाने तिथे पावात गोड डाळीचं सारण भरून अनपान विकला. शिसेइदो पाश्चात्त्य औषधांचं दुकान म्हणून सुरू झालं. हात्तोरी किनतारोने चौकातली इमारत घेऊन तिच्यावर घड्याळाचा मनोरा चढवला. त्याच्या कंपनीची सेइको घड्याळं आज आपल्याकडेही दिसतात. १८९९ मध्ये मिकिमोतोचे मोती आले. यातला एकही धंदा निहोनबाशीच्या जुन्या पेढ्यांचा नव्हता. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं आहे: जी सिस्टीम रोज पैसे कमावते तिला हात लावायला कुणी धजत नाही.

नेहमीचं उत्तर मात्र रेल्वे हे असतं. १८७२ मध्येच योकोहामाची गाडी गिन्झाच्या टोकाला, शिंबाशीला पोचली आणि परदेशी माल, बातम्या, माणसं तिथे उतरू लागली. हे खरंच आहे. पण १९१४ मध्ये टोकियो स्टेशन झालं ते निहोनबाशीच्या जवळ. फक्त रेल्वेचाच हिशोब असता, तर पारडं तेव्हाच पुन्हा पुलाकडे झुकायला हवं होतं. (स्टेशनचं तोंड राजवाड्याकडे होतं आणि मागच्या बाजूला, निहोनबाशीकडे, १९२९ पर्यंत दारच नव्हतं, हाही एक नमुनाच.)

मला जास्त पटणारं कारण चपलांचं आहे. मित्सुकोशीने १९०४ मध्ये आपण आता डिपार्टमेंट स्टोअर होणार असं जाहीर केलं, भव्य इमारत उभारली, पण दारात पादत्राणं काढून ठेवायची रीत सोडली नाही. चपला काढून आत जायचं म्हणजे काहीतरी घ्यायचं ठरवूनच जायचं. गिन्झात लोक पदपथावरून काचेतला माल बघत नुसते हिंडायचे. त्या हिंडण्यासाठी 'गिनबुरा' असा शब्दच रूढ झाला. निहोनबाशीला गिऱ्हाईक हवं होतं, गिन्झाला बघे चालत होते. आणि शहरात नोकरदारांची संख्या वाढत गेली तसे बघेच जास्त होत गेले.

१ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात आणि आगीत दोन्ही पेठा उद्ध्वस्त झाल्या. मासळीबाजार त्सुकिजीला, म्हणजे गिन्झाच्या शेजारी गेला. पुढच्याच वर्षी मात्सुझाकायाने गिन्झात दुकान उघडलं आणि लोकांना चपलांसकट आत घेतलं. १९२५ मध्ये मात्सुया आलं. १९३० मध्ये मित्सुकोशीनेही गिन्झाच्या चौकात शाखा काढली. पुलाजवळचं मुख्य दुकान तिने सोडलं नाही, पण वारं कुठे वाहतंय हे तिलाही कळलं होतं.

१९६४ च्या ऑलिंपिकच्या घाईत, १९६३ मध्ये, निहोनबाशीच्या अगदी डोक्यावरून एक्स्प्रेसवे गेला. नदीवरची जागा सरकारी, भूसंपादनाची कटकट नाही, म्हणून. देशाचे रस्ते जिथून मोजतात तो पूल सावलीत गेला. तो उड्डाणमार्ग हटवायचं काम आत्ता चालू आहे. उलट गिन्झात ऑगस्ट १९७० पासून रविवारी मुख्य रस्ता गाड्यांना बंद झाला आणि लोक रस्त्याच्या मधोमध हिंडू लागले. पुढच्या जुलैत जपानमधलं पहिलं मॅकडोनाल्ड्स तिथे उघडलं. आत बसायला जागा नव्हती, लोक बर्गर घेऊन रस्त्यावर उभ्याउभ्याच खायचे. ती खिडकी गिन्झाच्या मित्सुकोशीच्या तळमजल्यावर होती.